आधी वायर, मग बूस्टर

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर म्हणालास, "गाडीच्या पेट्रोल पंपाला जास्त व्होल्टेज देणारा बूस्टर आलाय, येत्या रविवारी बसवून टाकतो," आणि मी नुसतं "थांब जरा" म्हणेपर्यंत तुझी रेंज गेली. का थांब, ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून जेवणं उरकल्यावर कागद घेऊन बसलोय. सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत तो बूस्टरचा बॉक्स खोक्यातच राहू दे.

तुझी न् माझी गाडी एकच. शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाविया, १.८ टर्बो, एका सिलिंडरला ५ व्हॉल्व्ह. तू आता मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बसवलास, मी गेल्या वर्षी बसवला. त्यामुळे तुला आत्ता जे होतंय ते माझं सगळं होऊन गेलंय. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला की ५,००० आरपीएमपर्यंत गाडी सुरेख ओढायची आणि मग एकदम आचके द्यायची. मिश्रणाच्या गेजवर (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा, ते दाखवणाऱ्या) ११.८ दिसायला हवं तिथे काटा १३ कडे सरकायचा. टर्बो दाब देत असताना मिश्रण असं पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. मी पाय काढला आणि घरापर्यंत गाडी हळू आणली.

मलाही तेव्हा तुझ्यासारखंच वाटलं होतं: पंप कमी पडतोय, बूस्टर लावू. कंपनीने पंप दिला तो १५० हॉर्सपॉवरच्या हिशेबाने, आणि त्या हिशेबाने तो चोखच आहे. दाब वाढवला आपण. त्यात आता पेट्रोल मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. १ किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं. तुमच्याकडच्या उसाचं इथेनॉल टाकीत आलं याचा मला आनंदच आहे, पण पंपावरचा बोजा त्याने वाढतो हे खरं. (टाकीपासूनच्या जुन्या रबरी नळ्या बदलून घेतल्यास ना? नसतील, तर ते काम सगळ्यात आधी.)

बूस्टर लावायच्या आधी भोसरीत डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून ताकद मोजतात, त्यावर) गाडी चढवली, तिथे खरी गोष्ट कळली. मागच्या सीटखालचं झाकण उघडून पंपाच्या कनेक्टरला दोन लांब वायरी लावल्या आणि मीटर पुढे आणला. भाचा शेजारी बसून आकडे टिपत होता. पूर्ण दाबावर बॅटरीला १३.९ व्होल्ट, पंपाला १२.० व्होल्ट. जवळजवळ २ व्होल्ट वाटेत गायब! पेट्रोलचा दाबही बघ: आपल्या रेलवरचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा) दाब राखणारा रेग्युलेटर टर्बोच्या दाबाबरोबर चढतो, म्हणून टर्बोच्या १.२ बार दाबाला ३ अधिक १.२, म्हणजे ४.२ बार हवे होते. गेज ३.६ वर अडकलं होतं.

यातली मेख अशी आहे. पंपाची मोटर साधी डीसी मोटर, व्होल्टेज कमी झालं की ती मंद फिरते. रेलमधला दाब वाढला की तिला जोर जास्त लागतो, ती अँपिअर जास्त ओढते, आणि अँपिअर वाढले की जुन्या वायरीत, कनेक्टरमध्ये, अर्थमध्ये (बॉडीला आवळलेल्या परतीच्या वायरीत) व्होल्टेज आणखी पडतं. म्हणजे पेट्रोल सगळ्यात जास्त हवं असतं नेमकं त्याच क्षणी पंपाला सगळ्यात कमी व्होल्टेज मिळतं. गाडी नुसती उभी, आयडलवर असताना मीटर लावलास तर यातलं काहीच दिसणार नाही. मापायचं ते लोडवर.

मग वाट शोधली. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी पंपाच्या अर्थच्या पिनला, पंप चालू. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं, आले ०.७ व्होल्ट. बॉडीला जिथे अर्थ आवळलाय तो बोल्ट खोलला तर खाली हिरवा गंज. २० वर्षांचं पावसाचं पाणी, दुसरं काय. पत्रा चकचकीत घासला, वायरीच्या टोकाला नवं लग पकडीने दाबून क्रिंप केलं, वर ग्रीस. पॉझिटिव्हसाठी तपकीर गल्लीतून ४ स्क्वेअरची (४ चौरस मिमी जाडीची) तांब्याची वायर आणली, फ्यूज होल्डर आणि ४० अँपिअरचा रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाना पेठेतून. तिथल्या वायरिंगवाल्या काकांनी माझ्याकडची क्रिंपिंगची पक्कड बघून नापसंतीने मान हलवली आणि स्वतःची दिली. त्यांचं बरोबर होतं, सैल क्रिंप म्हणजे पुन्हा तोच आजार.

नुसतं एवढं करून पंपाला १३.६ व्होल्ट मिळायला लागले आणि दाब ३.६ वरून ४.० वर आला. बॉक्स अजून लावलाही नव्हता! याच्या आधी तो लावला असता, तर त्याने आजारी वायरीतून आणखी अँपिअर ओढले असते. बॉक्स काही फुकट व्होल्टेज बनवत नाही. पंपाला १७ व्होल्टवर १० अँपिअर द्यायचे तर बॅटरीकडून तो १४ च्या आसपास घेणार. ते १४ अँपिअर त्या गंजातून गेले असते तर बोल्टच तापला असता.

आता जे लिहितोय त्यासाठीच खरं तर हे पत्र.

नवी जाड वायर टाकताना पुष्कळ जण रिलेला इग्निशनवरून करंट देतात. चावी फिरवली, पंप चालू. सोपं आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. माझ्या मामेभावाच्या गाडीला एका गॅरेजने असंच करून दिलं होतं. गेल्या पावसाळ्यात सातारा रोडवर त्याची गाडी डिव्हायडरला धडकली. इंजिन बंद पडलं, पुढची नळी फाटली, आणि पंप आपला चालूच. दाबाखाली पेट्रोल रस्त्यावर उडत होतं. मामेभाऊ भानावर होता म्हणून त्याने चावी काढली. मी पोचलो तेव्हा तो फुटपाथवर बसला होता, त्याच्या शर्टाला पेट्रोलचा वास येत होता, आणि त्या वासाने अजूनही मला कधीकधी झोपेतून जाग येते.

म्हणून कंपनीची मूळ पंपाची वायर कापून फेकू नकोस. तीच नव्या रिलेच्या कॉइलला दे, ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांवर. बॅटरीकडून येणारी जाड वायर ३० वर, आणि ८७ वरून बॉक्सकडे. इंजिन फिरत नसेल तर गाडीचा कॉम्प्युटर ती मूळ वायर मेलेलीच ठेवतो, म्हणजे नव्या वायरीवरचा पंपही मेलेला राहतो. खात्री करायची रीत सोपी आहे. चावी ऑन कर, इंजिन सुरू करू नकोस, मागच्या सीटला कान लाव. पंप दोनेक सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. थांबला नाही, तर वायरिंग चुकलंय. गाडी जागची हलवायची नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. त्याच्या पुढे वायर कुठे घासली तर फ्यूज उडेल, अलीकडे घासली तर आग. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना भोकाला रबरी ग्रॉमेट. टाकीवरचं झाकण उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह सोड, चारही दारं उघडी ठेव, आणि तिथे सोल्डरिंग आयर्न नेऊ नकोस. सगळे जोड क्रिंपचे.

बॉक्स मी डिकीत डाव्या कडेला पत्र्यावर बसवलाय. तापतो, म्हणून कार्पेटखाली दाबला नाही. त्याला चालू करणारा प्रेशर स्विच मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा जाते त्या) नळीवर टी जोड लावून घेतला आणि ०.५ बारवर लावला. त्याखाली पंपाला साधं बॅटरीचंच व्होल्टेज. कायम १७ व्होल्ट दिलेस तर आयडलला एवढं पेट्रोल परत टाकीत सोडणं रेग्युलेटरला झेपणार नाही, दाब उगाच चढेल, आणि मोटरचे ब्रशही लवकर झिजतील. टाकी पाव भागाच्या खाली असताना जोरात चालवू नकोस, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

पुन्हा भोसरीला गेलो. ०.५ बारला स्विच लागल्याचा बारीक टक् ऐकू आला, पंपाचा सूर जरासा वर गेला, आणि रेलच्या दाबाचा काटा ४.२ वर जाऊन तिथेच उभा राहिला. लाल रेषेपर्यंत हलला नाही. मिश्रण ११.८. भाच्याने वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मला किती बरं वाटलं, ते तुलाच कळेल. दुसऱ्या पहाटे खंबाटकी चढलो, एकही आचका नाही. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन सीटला कान लावून बसलो थोडा वेळ.

येत्या रविवारी बॉक्स न लावता फक्त मापं घे. तीन आकडे कळव: लोडवर बॅटरीचं व्होल्टेज, पंपाचं व्होल्टेज, आणि अर्थच्या बाजूला किती पडतंय. त्याच्या पुढच्या शनिवारी मी कोल्हापूरला येतो. काकांची पक्कड मागून ठेवली आहे, उरलेली ४ स्क्वेअरची वायरही आहे, तुला पुरेल. वहिनींना सांग, रात्री जेवायला आहे. आईंना नमस्कार.

तुझा,
पुण्याचा मित्र

ता. क. बॉक्सच्या खोक्यात ३० अँपिअरचा फ्यूज आला असेल. आपल्या पंपाला २० चा लाव. मी येताना दोन जास्तीचे आणतोय.