कमांडची वाट पाहणाऱ्या लेकीस

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. बॅचमधल्या दोघींना कमांड मिळाली, त्या कॅप्टन झाल्या, आणि तुझ्या खांद्यावर अजून सहवैमानिकाच्या तीनच पट्ट्या. तेव्हापासून मन तिथेच घुटमळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तू कुठे कमी पडलीस असं मनातसुद्धा आणू नकोस. त्या दोघींच्या कंपनीत नवी विमानं येतच असतात, तुमच्याकडे मोजकी एटीआर, ती पंख्यांची छोटी विमानं. विमान वाढलं किंवा कोणी कॅप्टन सोडून गेला, तरच कॅप्टनची डावीकडची खुर्ची मोकळी होणार. त्यातही कॅप्टनची नोटीस वर्षभराची. शिवाय जळगाव, सिंधुदुर्ग अशा तास-सव्वा तासाच्या फेऱ्या. दिवसभर राबूनही लॉगबुकात तास थोडेच चढतात. पण एकाच दिवसात चार-चार वेळा विमान उतरवणं, तेही कोकणातल्या पावसात, हे तुझ्या हाताला मिळतंय. लांब पल्ल्याच्या वैमानिकाला एवढी लँडिंग कुठून मिळणार?

कर्ज काढून एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण, करायचं तुझ्या मनात आहे, ते मात्र मला पटत नाही. खर्च लाखांत, नोकरीची हमी नाही, आणि नव्या कंपनीच्या सीनिऑरिटीच्या यादीत तू पुन्हा तळाला. माझं सगळं आयुष्य बँकेत कर्जखाती सांभाळण्यात गेलं. पगार थांबला म्हणून हप्ता थांबलेला मी कधी पाहिला नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. वैमानिकांनी वर्षानुवर्षं जमवलेली सीनिऑरिटी तिथेच संपली. बरोबर आलं ते लायसन्स आणि लॉगबुकातले तास.

म्हणून आधी एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स, हातात घे. त्यासाठी लागणारे उड्डाणाचे १५०० तास पुरे होईपर्यंत पेपर का थांबवायचे? नेव्हिगेशन तुला सोपं जातं, ते आधी दे. मग मिटिऑरॉलॉजी आणि रेडिओ एड्स. एटीआरवर कमांड मिळव आणि कॅप्टन म्हणून तास जमव. मग जिथे जाशील तिथे तुझ्या शब्दाला वजन असेल.

आत्ताच्या बॉण्डची प्रत मला पाठव. मुदतीआधी सोडलं तर किती रक्कम भरावी लागेल, ते कलम मी नीट वाचून सांगते. एवढं करूनही जायचंच ठरलं, तर बाबा आणि मी तुझ्या पाठीशी आहोत. पण कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मला फोन कर, कितीही रात्र झालेली असो.

तुझी,
आई