न्यू मेक्सिको ‘रिकामं’ नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत न्यू मेक्सिकोवर लेख आला, त्याचा आधी मनापासून आनंद झाला. सव्वीस वर्षं मी अमेरिकेतल्या या राज्यात राहते. मराठी वृत्तपत्रात त्याचं नाव क्वचितच येतं, म्हणून आलं की कात्रण काढून ठेवते. व्हाइट सॅण्ड्सच्या जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या आणि आल्बुकर्कीचा ऑक्टोबरातला बलून उत्सव, ही दोन्ही वर्णनं फार सुरेख उतरली आहेत. पण लेखात एक शब्द तीनदा आला आहे. ‘रिकामा प्रदेश’, ‘रिकामं वाळवंट’ आणि ‘लॉस अ‍ॅलामॉसचं रिकामं पठार’. त्या शब्दासाठी हे पत्र लिहिते आहे.

लेखकाचा असा समज का झाला असेल हे मला कळतं. आकाराने हे राज्य महाराष्ट्राहून किंचित मोठं आहे आणि २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती होती अवघी एकवीस लाख. हमरस्त्याने जाताना तासन्‌तास घर दिसत नाही. घरं आहेत ती नद्यांच्या काठी, रस्त्यावरून नजरेला न पडणाऱ्या खोलगट भागात.

आमचं खेडं असंच, रिओ ग्रांदेला मिळणाऱ्या एका छोट्या नदीच्या काठी आहे. मातीचं धाब्याचं घर आणि मागे दीड एकर जमीन आम्ही विकत घेतली, तेव्हा खरेदीखतात पाटाच्या पाण्याचा हक्कही होता. त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. राहायला गेलो त्याच आठवड्यात एक वृद्ध गृहस्थ दारात आले, हॅट काढून हातात धरली आणि विचारलं, ‘मार्चमध्ये तुमच्याकडून माणूस कोण येणार?’ ते आमचे मायोर्दोमो, म्हणजे पाटकरी. या पाटांना इथे असेकिया म्हणतात. शब्द मुळात अरबी, स्पेनमार्गे आलेला. राज्यात असे सुमारे सातशे पाट आजही वाहतात आणि त्यांतले काही तीन-साडेतीन शतकं जुने आहेत.

पाटाला पाणी सोडण्याआधी, वसंताच्या तोंडावर, सगळे मिळून पाट साफ करतात. ज्याचा जितका वाटा, तितकी माणसं त्याने द्यायची. सकाळी आठला हजेरी होते. मायोर्दोमो हातातल्या काठीने पाटाच्या तळाला माप टाकत जातात, दोन खुणांमधला तुकडा एकेकाचा. त्या तुकड्याला ‘तारेया’ म्हणतात. गाळ, विलोची मुळं, वर्षभराचा पालापाचोळा फावड्याने काठावर टाकायचा. ओळीतल्या सगळ्यांचं झालं की ‘ब्वेल्ता!’ अशी हाळी येते आणि सगळी रांग पुढच्या तुकड्यांवर सरकते. पहिल्या वर्षी दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. शेजारच्या तुकड्यावर सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी काही न बोलता माझ्या फावड्याचा दांडा हातात घेतला आणि दोन्ही हातांत किती अंतर ठेवायचं ते दाखवलं. मी आजही फावडं तसंच धरते.

उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या लागतात. टंचाईच्या वर्षी कुणाचं झाड आधी जगवायचं हे मायोर्दोमो ठरवतात, आणि बहुतेक जण ते मान्य करतात. भांडणं होतात, अगदी कडाक्याची. पण पाळीची वेळ झाली की पाटाचं दार उचलायला ज्याचा त्याने जायचं असतं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. शहरं आणि विकासक हे पाणी विकत घ्यायला कायम टपलेले असतात. २००३ मध्ये राज्याने कायदा केला आणि पाणीहक्क पाटाबाहेर जाऊ द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार पाटाला स्वतःकडे घेता येऊ लागला. आमच्या पाटाने तो घेतला. त्या सभेला मी हात वर केला होता.

या जमिनीवर स्पॅनिश लोक ओन्याते या सरदाराबरोबर १५९८ मध्ये वस्ती करायला आले. त्यांच्याही कितीतरी आधीपासून इथे प्वेब्लो या मूळनिवासी लोकांची गावं होती आणि आजही एकोणीस आहेत. लेखात ताओस प्वेब्लोचा उल्लेख फक्त ‘मातीच्या जुन्या इमारती’ असा आहे. तिथे सुमारे हजार वर्षं माणसं राहत आली आहेत. जुन्या गावठाणात वीज आणि नळ घ्यायचे नाहीत हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. गावाच्या मधून वाहणारी नदी डोंगरातल्या ब्लू लेक या त्यांच्या पवित्र तळ्यातून येते. १९०६ मध्ये सरकारने ते तळं राखीव जंगलात घातलं. ताओसच्या लोकांनी पैसे नाकारले, तळंच परत मागितलं आणि चौसष्ट वर्षं मागत राहिले. डिसेंबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने ते तळं अठ्ठेचाळीस हजार एकरांसह परत मिळालं.

प्वेब्लोंचं स्पॅनिशांविरुद्धचं १६८० चं बंड तर लेखात आलंच नाही. ओहके ओविंगे गावच्या पोपेने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. दोन निरोपे पकडले गेले म्हणून ठरल्या दिवसाच्या आधीच, १० ऑगस्टला उठाव झाला. सांता फेच्या गव्हर्नर वाड्याला वेढा पडला तेव्हा प्वेब्लोंनी वाड्याला पाणी पुरवणारा पाट तोडला. स्पॅनिशांना सगळा प्रांत सोडून एल पासोपर्यंत मागे जावं लागलं आणि ते परतले बारा वर्षांनी. सांता फेत ‘असेकिया माद्रे’ नावाचा रस्ता आहे, त्याच्या कडेने त्याच नावाचा जुना मोठा पाट अजून दिसतो. लेखक त्या शहरात दोन दिवस होते, तेव्हा त्यावरून गेलेही असतील.

आता लॉस अ‍ॅलामॉस. त्या पठारावर शेतकरी राहत होते, घेवडा पिकवत होते. अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेसाठी त्यांना उठवलं गेलं. आणि १६ जुलै १९४५ ला पहाटे साडेपाचच्या सुमाराला पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, ती जागाही ‘रिकामी’ म्हणूनच निवडली होती. त्या जागेपासून पन्नास मैलांच्या आत हजारो माणसं राहत होती. पावसाचं पाणी हौदात साठवून तेच पिणारी, घरच्या गाईंचं दूध काढणारी. कुणाला सूचना नव्हती, कुणाला हलवलं नाही. नंतर सांगितलं गेलं की दारूगोळ्याचं कोठार उडालं. राख छपरांवर पडली, छपरांवरून हौदांत गेली. त्या भागातल्या बायकांना मी आपल्या घरातली कॅन्सरने गेलेली माणसं बोटांवर मोजताना पाहिलं आहे, आणि एका हाताची बोटं पुरली नाहीत. नेवाडाच्या चाचण्यांत बाधित झालेल्यांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. न्यू मेक्सिकोतल्या या चाचणीचे बाधित त्यात आले ते २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांनी. ‘रिकामं’ हा शब्द आमच्याकडे एवढा महाग पडला आहे. म्हणून तो वाचला की मला गप्प बसवत नाही.

आणखी एक दुरुस्ती. ‘हे राज्य १९१२ मध्ये वसलं’ असं छापलं आहे. १९१२ मध्ये ते अमेरिकेचं सत्तेचाळिसावं राज्य झालं. वसलं कधी, ते वर आलंच आहे. आणि हो, आमच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याच्या नावापुढे ‘यूएसए’ लिहिलेलं असतं, असं दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. इतके लोक आम्हाला मेक्सिकोत धरतात.

लेखकांना पुन्हा यायचं असेल तर ऑगस्टच्या अखेरीस या. तेव्हा दुकानांसमोर जाळीची मोठी पिंपं आगीवर गरगर फिरत असतात, हिरव्या मिरचीची साल तडतडते आणि तो वास आठवडाभर कपड्यांतून जात नाही. खानावळीत ‘लाल की हिरवी?’ असं विचारतील. दोन्ही हवी असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. मात्र माझं ऐकणार असाल तर मार्चमध्येच या. शनिवारी सकाळी आठला पाटावर हजेरी असते. फावडं मी देईन.

आपली एक वाचक,
रिओ आरिबा परगणा, न्यू मेक्सिको