पहिल्या ओळीला किंमत द्या

माननीय संपादक महोदय,

असंख्य कार्यालयांचा हिशेब आज स्प्रेडशीटमध्ये राहतो आणि त्याच फायली पुढे प्रोग्राम वाचतात, तरीही पहिल्या ओळीतली रकान्यांची शीर्षके कोणीही, कशीही बदलतो. या सवयीबद्दल मला तळमळीने लिहावेसे वाटते.

वेतनाच्या फायली वाचणारा प्रोग्राम लिहिताना मी सुरुवातीला रकाने अक्षरांवरून घेत असे. ‘डी’ म्हणजे भत्ता, ‘ई’ म्हणजे कपात. एका महिन्यात फाईल पाठवणाऱ्यांनी ‘सी’नंतर ‘थकबाकी’चा नवा रकाना घातला, पुढचे सगळे एक घर सरकले आणि माझ्या प्रोग्रामने भत्त्यालाच कपात समजून तो वेतनातून वजा केला. दोन्हीकडे आकडेच असल्यामुळे कुठलीही त्रुटी दिसली नाही. एका कर्मचाऱ्याने विचारणा केली तेव्हा चूक कळली, आणि ती सर्वस्वी माझी होती.

अक्षरांची मोजणीही दिसते तितकी सरळ नाही. ‘झेड’ हा २६ वा आणि ‘एए’ हा २७ वा रकाना, म्हणजे या पद्धतीत शून्यच नाही. ‘ए’ला शून्य धरून सूत्र लिहिले की पहिल्या २६ रकान्यांपर्यंत सारे ठीक चालते आणि त्यानंतर उत्तर चुकते.

म्हणून मी शीर्षकावरून रकाना शोधू लागलो, तर ‘कर्मचाऱ्याचे नाव’ डोळ्यांसमोर असताना प्रोग्राम ‘असा रकाना नाही’ म्हणू लागला. अर्धी दुपार गेल्यावर मी शीर्षकातल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या चिन्हाला ठरवून दिलेला आकडा, छापून पाहिला. त्यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. शीर्षकाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा एका आज्ञेने काढता येते. हे जोडचिन्ह मात्र मुद्दाम शोधूनच काढावे लागते. मराठी शीर्षके वापरणे सोडावे, असे मी मुळीच म्हणणार नाही.

एकाच फायलीत ‘रक्कम’ नावाचे दोन रकाने असणे हेही तितकेच घातक, कारण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अशा फायली वाचण्यासाठी वापरले जाणारे ‘पांडास’ हे साधन दुसऱ्याच्या नावापुढे गुपचूप टिंब आणि १ जोडते.

फायली तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, शीर्षक बदलण्यापूर्वी ती फाईल पुढे कोण वापरतो हे विचारावे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी अपेक्षित शीर्षकांची यादी कोडमध्ये एकाच जागी ठेवावी, पहिला आकडा वाचण्याआधी ती फायलीशी ताडून पाहावी आणि एखादे जरी शीर्षक जुळले नाही तरी अंदाज न बांधता काम थांबवून कोणते नाव सापडले नाही ते स्पष्ट सांगावे. स्प्रेडशीटच्या प्रशिक्षणवर्गांत सूत्रे शिकवण्याआधी एक तास या पहिल्या ओळीसाठी द्यावा, असेही मला वाटते.

आपला विश्वासू,
एक वाचक