आधी नमुना धुवायला लावणाऱ्या अण्णांना

सोलापूर

अण्णा, सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात सुताचे कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं सूत, विकणारी दुकानं काही कमी नाहीत. पण गिऱ्हाईक दोन किलो मागत असताना "आधी १०० ग्रॅम न्या, नमुना विणा, धुवा आणि मग या" असं सांगून परत पाठवणारे तुम्हीच. तोंडावर आभार मानले तर तुम्ही "बरं बरं" म्हणत पुढचा कोन काट्यावर ठेवाल, म्हणून क्रोशाची पांघरुणं विणणाऱ्या आम्ही सगळ्याजणी हे पत्र जाहीरच लिहितोय. त्यात तुमचा हिशोबही मांडतो, म्हणजे नव्याने सुई हातात घेणारीलाही तो मिळेल.

पहिले आभार नंबरच्या हिशोबाचे. मागाच्या सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण क्रोशाला किती पदर, म्हणजे एकेरी धागे, लागतील, ते तुम्ही बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलंत. २० नंबरचे १६ पदर किंवा १० नंबरचे ८ पदर एकत्र केले की १०० ग्रॅममध्ये साधारण २१० मीटर सूत बसतं. ४ मिलिमीटरच्या सुईला ही जाडी बरोबर. कोनावर २/२० असं लिहिलं असेल तर ते सूत आधीच दोन पदरी असतं, त्याचे आठच धागे घ्यायचे. हे नजरेतून सुटलं आणि सोळा घेतले, तर दोर तयार होतो आणि पांघरुणाची सतरंजी.

हे धागे नुसते शेजारी धरून विणायला तुम्ही कधीच सांगत नाही. डबलिंगवाल्याकडून, म्हणजे धागे एकत्र पिळून देणाऱ्याकडून, पीळ देऊन आणायला लावता, आणि ते योग्यच आहे. पीळ नसलेल्या जुडग्यात सुई मधूनच घुसते, एखादा धागा मागे राहतो आणि खांबाच्या, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्याच्या, बाजूला त्याचा फुगा दिसतो. उलट पीळ जास्त पडला तर वेगळीच पंचाईत. चौकोन विणत जावं आणि तो एका बाजूला कलत जावा, कितीही ओढून इस्त्री केली तरी पहिल्या धुण्यात पुन्हा तिरका. त्यावरची तुमची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. मीटरभर सूत घ्यायचं, दोन्ही टोकं जवळ आणून एका हातात धरायची आणि मधला भाग मोकळा लोंबू द्यायचा. तो पाळण्याच्या दोरीसारखा शांत लोंबला तर सूत घ्यावं. स्वतःभोवतीच गिरक्या घेऊन वळला, तर डबलिंगवाल्याकडे परत.

ताण्याचं सूत घेऊ नका, हे तुमचं वाक्य तर आता आमच्यात म्हणीसारखं झालंय. चादरीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, मागावर ओढ सोसायची असते, म्हणून त्याला पीळ जास्त. ते मजबूत असतं, पण अंगाला कडक लागतं. क्रोशाच्या टाक्याला अशी ओढ नसतेच, त्याला हवा मऊपणा. म्हणून बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, आणि मिळालं तर होजिअरीचं, म्हणजे बनियनच्या कापडाचं सूत. तेही कोंब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेलं. साध्या कार्डेड सुतात आखूड तंतू राहतात आणि पाच-सहा धुण्यांत त्यांच्या गोळ्या उठतात. ओपन एंड सूत स्वस्त आणि फुगीर दिसतं, पायपुसण्याला चालेल, बाळाच्या दुपट्याला नाही.

आता वजनाचं. दुकानात "सिंगल बेडला किती लागेल?" या प्रश्नाला तुम्ही आकडा देत नाही, याचा सुरुवातीला सगळ्यांनाच राग येतो. पण आकडा सुईवर, हातावर आणि विणीवर ठरतो. मुक्या खांबाला, म्हणजे आखूड घट्ट टाक्याला, लागणारं सूत लांब खांबाच्या जाळीपेक्षा बरंच जास्त. म्हणून धुऊन वाळल्यावर १५ बाय १५ सेंटिमीटर भरेल असा तुकडा विणायचा. १५० बाय २२५ सेंटिमीटरच्या पांघरुणात असे बरोबर १५० तुकडे बसतात. एक तुकडा ११ ग्रॅम भरला, तर १,६५० ग्रॅम. त्यावर दहा टक्के वाढवले की १,८०० च्या थोडं वर, आणि काठ विणायचा असेल तर सरळ दोन किलो. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमने चुकला तर इथे १५० ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून तुकडा सराफाच्या काट्यावर तोलून आणायला सांगता, तेही पटलं. शिवाय कोनाच्या पुठ्ठ्याचं वजन तुम्ही न विचारता वजा करता. हे सगळीकडे होत नाही.

धुतल्याशिवाय मोजायचं नाही, कारण सुती वीण पहिल्या धुण्यात आटते आणि लांबी-रुंदीत सारखी आटत नाही. कोरं, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं सूत असेल तर आधी लडी करून धुण्याच्या सोड्यात उकळायची. कापसातलं नैसर्गिक मेण निघेपर्यंत ते पाणी पीत नाही, आणि रंगवायचं झालं तर रंगही डागाडागांत धरतं.

रंगाची परीक्षा गडद लाल, काळा आणि निळा यांना हवीच. पांढरं फडकं कोमट पाण्यात भिजवून त्यात सूत गुंडाळायचं, अर्धा तास दाबून ठेवायचं, मग चोळायचं. फडक्याला रंग लागला तर तो रंग पांढऱ्याच्या शेजारी विणू नये. मीठ-व्हिनेगरचा इलाज सांगणाऱ्यांना तुम्ही हसता ते रास्त आहे. सुतावर न बसलेला रंग घरी बसवता येत नाही. आणि बॅच, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला माल, एकच हवी. दोन बॅचमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, गच्चीवर वाळत घातल्यावर दिसतो. नाइलाजाने दोन घ्यायच्याच तर एक एक ओळ आलटून पालटून विणायची, म्हणजे मध्येच पट्टा उमटत नाही.

सुताचं दुकान असून तुम्ही अ‍ॅक्रिलिकला नावं ठेवत नाही, हेही लिहायला हवं. ते हलकं असतं, लवकर वाळतं, म्हाताऱ्या माणसाला धुवायला सोपं पडतं. सुती पांघरूण पाणी प्यायलं की वजनाला दुप्पट होतं, पिळायला दोन माणसं लागतात. पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, कूलर लावून निजताना अंगावर हलकंसं काहीतरी लागतंच, आणि घाम टिपायचं काम सूतच करतं. अ‍ॅक्रिलिक ते करत नाही, शिवाय ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. चुलीजवळ किंवा देवघराजवळ वावर असणाऱ्या घरात आम्हीही सूतच सुचवतो.

सुती पांघरूण दोरीवर वाळत घातलं की स्वतःच्याच वजनाने लांबतं, हे तुम्ही बिल देताना प्रत्येकीला सांगता. बाजेवर आडवं, उलटी बाजू वर, सावलीत. यात आमची एक भर: विण लांबतच असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्यावी आणि लांब खांबाऐवजी अर्धा खांब घालावा, लोंबणं बरंच कमी होतं.

दिवाळीनंतर दुपट्यांची मागणी वाढते, तेव्हा होजिअरीचं कोरं सूत आमच्यासाठी राखून ठेवा. बॅच एकच असू द्या. नमुना धुऊन, वाळवून, तोलून आणतो.

तुमच्या,
क्रोशावाल्या गिऱ्हाईक