बैलाचा खांदा शेकला जातो, जवानाचा गुडघा कोण बघणार? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात अंगणवाडी सेविका म्हणून काम करते. माझे यजमान सैन्यात हवालदार असून त्यांच्या नोकरीला एकोणीस वर्षे पूर्ण झाली आहेत. या पत्राखाली मी माझे नाव घातलेले नाही, कारण ते घातले तर त्याचा जाब मला कोणी विचारणार नाही, त्यांना विचारला जाईल.

यंदा पोळ्याला ते वार्षिक रजेवर घरी होते. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे बैलाच्या कानात सांगतात. तुपाची वाटी खाली ठेवण्यासाठी हे वाकले आणि त्यांचा उजवा गुडघा एकाएकी निसटला. बैलाच्या मानेला धरून त्यांनी स्वतःला सावरले. मी धावले, तर म्हणाले, "काई नाई झालं वं, मुरगळला जरासा." रात्री गुडघा एवढा सुजला की पायजमा वर सरकेना. हळद-चुन्याचा लेप लावता लावता मी खोदून खोदून विचारले, तेव्हा कुठे कळले की हे दुखणे मार्चमधले आहे. उत्तरेकडील एका उंच चौकीवर पाठीवर ओझे घेऊन बर्फाचा उतार उतरताना पाय घसरला, गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला, आणि त्याच रात्री पट्टी गुंडाळून त्यांनी पहाऱ्याची पाळी केली. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, ते गेलेच नाहीत. पाच महिने हा माणूस फोनवर मला "सगळं ठीक आहे" असे सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांना शहरातील एका खासगी हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. साडेसहा हजार रुपये खिशातून भरून एमआरआय काढला. लिगामेंट पूर्ण तुटलेले आहे, गादीलाही चीर गेली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. असाच भार पडत राहिला तर चाळिशीतच सांध्याची झीज सुरू होईल, असेही बजावले. मी म्हटले, कामठीला मिलिटरी हॉस्पिटल आहे, तिथे चला. आमच्या गावापासून ते दोनशे किलोमीटरहून लांब आहे, पण नकाराचे कारण अंतर नव्हते. तिथे पाय दाखवला की नोंद होणार, नोंद झाली की मेडिकल कॅटेगरी खाली येणार, आणि नायब सुभेदाराच्या प्रमोशनच्या तोंडावर कॅटेगरी लागली तर सगळे अडेल, अशी त्यांची पक्की समजूत आहे. 'शेप-१' ही सैन्यातील तंदुरुस्तीची वरची श्रेणी. मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे या पाचांची ती परीक्षा. ती टिकावी म्हणून एमआरआयचा रिपोर्ट घडी घालून कागदांच्या पेटीच्या तळाशी गेला आणि रजा संपताच हे परत गेले. एसटीच्या पायरीवर चढताना त्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला. ते मी पाहू नये म्हणून आधी मला ट्रंकेकडे बघायला सांगितले होते.

लोक म्हणतात, फौजी हट्टीच असतो. आहेच तो हट्टी, हे मी पंधरा वर्षांच्या संसारावरून सांगते. पण हा हट्ट त्यांनी आईच्या पोटातून आणलेला नाही. दुखते म्हणणारा कामचुकार ठरतो, हे त्यांनी भरतीनंतरच्या पहिल्याच वर्षी पाहिले. शेजारच्या गावातील एक निवृत्त तोफची आहेत. अनेक वर्षे तोफेजवळ काढून त्यांचे दोन्ही कान गेले, आणि नोकरीत असताना त्यांनी एकदाही तोंड उघडले नाही. आज त्यांची पत्नी जेवायला बोलावण्यासाठी ताटलीवर चमचा वाजवून उपयोग नाही म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावते. निवृत्तीच्या बोर्डापुढे त्यांच्याकडे दाखवायला कागदाचा तुकडा नव्हता.

आता माझी खरी तक्रार सांगते. गेल्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तालुक्याला माजी सैनिक व कुटुंबीयांचा मेळावा झाला. व्यासपीठावरील एका मोठ्या पाहुण्यांनी सांगितले की जवानांच्या पत्नींनी कसलीही अडचण असली तरी एक फोन करावा, पुढचे आम्ही बघू. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि नंबर लिहून घेतला. पोळ्यानंतर मी त्या नंबरवर अकरा वेळा फोन केला. नऊ वेळा कोणी उचलला नाही. दहाव्या वेळी विचारले की जवान स्वतः का बोलत नाही. अकराव्या वेळी सांगितले की पत्नीच्या सांगण्यावरून काही करता येत नाही, जवानाने स्वतः अर्ज करावा. महोदय, जो माणूस अर्ज करत नाही म्हणूनच मी फोन करते आहे, त्यानेच अर्ज करावा, हे उत्तर ऐकून मी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून रडले.

माझ्या कामात मला एक गोष्ट पक्की शिकवली गेली आहे. मुलाचे वजन घटले तर ते त्याच दिवशी नोंदवायचे; आई म्हणाली की पोर ठीक आहे, तरी काटा काय सांगतो ते लिहायचे. नोंद केली म्हणून त्या मुलाला कोणी शिक्षा करत नाही, उलट त्याचा आहार वाढतो. तुमच्या खात्यात नोंदीनंतर नुकसान होते अशी जवानाची धारणा झाली आहे, आणि नोंद केली नाही तर पुढे आणखी मोठे नुकसान होते. उद्या निवृत्तीच्या वेळी तपासणारे रिलीज मेडिकल बोर्ड विचारेल की ही इजा सेवेत झाली याचा इंजुरी रिपोर्ट कुठे आहे. तो नाही. मग शेरा पडेल की सेवेमुळे झालेली नाही आणि सेवेमुळे वाढलेलीही नाही. वीस टक्क्यांच्या खाली अपंगत्व ठरवले गेले तर त्याचे वेगळे पेन्शनही नाही. त्यापुढे लष्करी न्यायाधिकरण, म्हणजे मुंबईच्या फेऱ्या, वकील आणि तारखा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले आहे की भरतीच्या वेळी जवान तंदुरुस्त होता आणि तेव्हा कसलाही आजार नोंदलेला नव्हता, तर पुढे आलेले अपंगत्व सेवेमुळेच आले असे धरून चालावे आणि शंकेचा फायदा जवानाला द्यावा. २०१५ साली तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अपंग जवानांविरुद्धची सरकारी अपिले कमी करा, असेच सुचवले. तरीही तुमचे वकील न्यायालयात उभे राहून जवानाच्या मोडलेल्या पायाशी भांडत राहिले. २०१९ साली अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेल्यांनाच आयकरातून सूट ठेवली. जे दुखणे अंगावर काढून मुदत पूर्ण करतात, त्यांच्या अपंगत्व पेन्शनवर कर लावण्याचे ठरवले. म्हणजे दुखापत घेऊन शेवटपर्यंत राबला, त्याच्यावर कर. २०२३ साली नियम बदलले, अपंगत्वापोटी मिळणाऱ्या पैशांच्या नावातही बदल झाला, आणि त्या सगळ्या चर्चेत गैरफायदा घेणाऱ्यांवर बोट ठेवले गेले. असे लोक असतील, मी नाही म्हणत नाही. पण महालेखापरीक्षकांच्या त्याच वर्षीच्या अहवालात अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त दिसले. चौकीवर ओझे वाहणाऱ्याचा गुडघा कागदावर सर्वांत धडधाकट कसा, हा प्रश्न त्या अहवालानंतर कोणाला पडला नाही का? मला पडला, आणि त्याचे उत्तर माझ्या घरातल्या पेटीच्या तळाशी आहे.

ज्या अग्निवीरांची २०२२ पासून भरती होते आहे, त्यांची मला जास्त काळजी वाटते. आमच्या गावातलीच दोन पोरे गेली आहेत. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच ठेवले जातील, हे ज्यांना माहीत आहे, ती पोरे घोटा मुरगळला तर सांगतील का? त्यांच्या आया मला विचारतात, आणि मी काही बोलत नाही.

या देशात जवानाच्या बायकोला पती गेल्यावर वीरपत्नी म्हणतात, शाल-श्रीफळ देतात, पहिल्या रांगेत बसवतात. तो जिवंत असताना, लंगडत असताना, तिच्या शब्दाला कोणी किंमत देत नाही. सरकार कोणाचेही असो, आमच्याकडे मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या फलकावर जवानाचे चित्र असते, आणि त्याच तालुक्यातील सरकारी दवाखान्यात हाडांचे डॉक्टर नसतात. शेतकऱ्याच्या बाबतीत हे आम्ही विदर्भात डोळ्यांनी पाहिले. तो गेल्यावर पंचनामा होतो, जिवंतपणी त्याला कोणी विचारत नाही. शेतकऱ्याचाच मुलगा फौजेत जातो आणि तीच सवय सोबत नेतो, सांगायचे नाही, सोसायचे.

माझ्या मागण्या फार नाहीत. जवानाने दुखापत आपण होऊन सांगितली, तर उपचार चालू असेपर्यंत त्याचे प्रमोशन आणि कोर्स राखून ठेवावेत, आणि ही गोष्ट प्रत्येक युनिटच्या दरबारात, म्हणजे सगळ्या जवानांच्या सभेत, मोठ्याने वाचून दाखवावी. रजेवरून परतणाऱ्या प्रत्येकाची हातापायांची तपासणी सक्तीची करावी, म्हणजे कोणा एकट्यावर बोट जाणार नाही. आणि पत्नीने लेखी कळवले, तर तिचे पत्र डॉक्टरांपर्यंत पोहोचावे, तिचे नाव फुटू नये.

काल रात्री त्यांचा फोन आला होता. पाय कसा आहे विचारले, तर म्हणाले, थंडी सुरू झाली, कपाशीचा पहिला वेचा कधी आहे? मागे कोणीतरी चढावर पुढे चला म्हणून हाक मारत होते, आणि यांना धाप लागलेली मला ऐकू येत होती. उत्तर पाठवायला मी पत्ता दिलेला नाही. आपण आदेश काढलात तर तो त्यांच्या युनिटपर्यंत पोहोचेलच. तोवर तो एमआरआयचा रिपोर्ट मी पेटीतून काढून माझ्या रजिस्टरमध्ये ठेवला आहे.

आपली नम्र,
एका हवालदाराची पत्नी