लहान्या भिकूचे कोणते संवाद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तेंडुलकरांच्या पटकथांवर पानभर मजकूर पाहून बरे वाटले. ते बरे वाटणे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकले. ‘आक्रोश’मध्ये (१९८०) म्हणे ‘तेंडुलकरांच्या धारदार संवादांनी’ प्रेक्षक हादरला. अहो, त्यातला बायकोच्या खुनाचा आरोपी लहान्या भिकू जवळजवळ सिनेमाभर तोंडच उघडत नाही! वकील विचारून विचारून थकतो, हा गप्प. आणि जे संवाद आहेत ते सत्यदेव दुबे यांचे. श्रेयनामावली एकदा थांबवून वाचली असती तरी भागले असते.

तेंडुलकरांचे काम दिसते ते या गप्प बसण्यात. पटकथेच्या कागदावर प्रसंगाचा क्रमांक असतो, आत की बाहेर, ठिकाण, दिवस की रात्र, आणि मग कोण काय करतो ते. वकिलाचा प्रश्न कुठे तोडायचा, बायकोचे काय झाले हे कितव्या प्रसंगात किती कळू द्यायचे, हे सगळे तिथे ठरते. शेवटी बापाच्या अंत्यविधीला आणलेला लहान्या सख्ख्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो. का, ते कोणी बोलून दाखवत नाही. आधीच्या प्रसंगांत पेरणी नसती तर तो घाव नुसता वेडाचा झटका वाटला असता. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. पण असल्या मुक्या प्रसंगाच्या चार ओळी दोन-तीन मिनिटे सहज खातात. नवखे लेखक नेमके उलटे करतात. सगळे पात्रांच्या तोंडून वदवून घेतात, पाने फुगतात आणि मध्यंतरानंतर दाखवायला काही उरत नाही.

‘अर्धसत्य’बद्दलही (१९८३) तेच. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, ती गाजलेली कविता दिलीप चित्र्यांची. चौघांची कमाई आपण एकाच्या खात्यात जमा करून मोकळे झालात! ज्या ‘मंथन’च्या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचे संवाद कैफी आझमींचे होते. लेखात त्यांचेही नाव नाही.

यात कीस काढण्यासारखे काय, असे आपल्याला वाटेल. कथा, पटकथा आणि संवाद यांचे पैसे वेगळे ठरतात. तेही हप्त्यांनी: सही करताना, पहिल्या खर्ड्याला, अंतिम खर्ड्याला, चित्रीकरण सुरू झाल्यावर. अडकतो तो बहुधा शेवटचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही, पण नाव भलत्याच रकान्यात पडले की वादाला तोंड तिथूनच फुटते. वर्तमानपत्रांनी त्यात भर घालू नये, एवढेच मागणे.

आणि हो, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक गोविंद निहलानी यांच्याच ‘पार्टी’ची (१९८४) पटकथा महेश एलकुंचवारांची, त्यांच्याच नाटकावरून. ते आपल्या नागपुरातच राहतात. पानभर लेखात त्यांच्यासाठी एक ओळ निघाली नाही. खाली संत्रा बर्फीच्या जाहिरातीला मात्र पाव पान निघाले.

दुरुस्ती छापणारच असाल, तर मागच्या खेपेसारखी निविदा सूचनांच्या खाली, भिंग लावून शोधावी लागेल अशी छापू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर