पासवर्ड टाकताना खिडकीकडे तोंड करून बसणाऱ्या काकांना

काका, स. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून छापत नाही. दांडिया बाजारात एवढ्यावरूनही कुणी ओळखलं तर तो दोष माझा नाही.

आम्हा चौघींच्या लेखांची साइट तुम्ही दुरुस्त करून दिलीत. खरं तर त्या आभाराला लिल्या चिवड्याचा एक पुडा पुरला असता. पण आपल्या बडोद्यात अजून कितीतरी जणांच्या साइट 'आमचा एक माणूस बघतो' या भरवशावर चालल्यात. त्यांच्याही कानावर पडावं म्हणून पत्र उघडं.

आल्या आल्या तुम्ही रंग, मांडणी, लोगो यातलं काहीच पाहिलं नाहीत. पहिला प्रश्न, "डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, कुणाच्या नावावर?" लेख आम्हा चौघींचे, दरवर्षीचे पैसे आमचे आणि नोंदणीत नाव, ईमेल, फोन आधीच्या वेबसाइटवाल्याचा. सातबारा त्याचा, शेतसारा आमचा! मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या ईमेलवर जाणार. त्याने त्या वाचल्या नाहीत तर डॉट कॉमचं काय होतं, ते तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत: आधी कंपनी देईल तेवढे सवलतीचे दिवस, मग 30 दिवस जबर दंड भरून सोडवायची मुभा, मग 5 दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर नाव बाजारात मोकळं. आमचे वाचक ज्या पत्त्यावर येतात तिथे उद्या जुगाराची जाहिरात.

नाव आमच्याकडे द्या म्हटलं की त्या गृहस्थांचं उत्तर ठरलेलं, "थई जशे", होऊन जाईल. तीन वर्षं काही झालं नाही. तुम्ही फोनवर आवाज न चढवता दोनच गोष्टी मागितल्यात: डोमेनचं कुलूप काढा आणि हस्तांतराचा कोड द्या. संध्याकाळी कोड हजर.

आमच्या ईमेलवर नवं खातं उघडलं. पासवर्ड टाकायची वेळ आली आणि तुम्ही खुर्ची फिरवलीत, खिडकीकडे तोंड करून बसलात. बाहेर बघण्यासारखं काय होतं? विजेच्या तारा, दोन स्कूटर, वाळत घातलेली एक चादर. "झालं?" असं विचारून मगच वळलात. होस्टिंगच्या (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेच्या) वेळी तेच, वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर चालते त्या प्रणालीच्या) वेळी तेच. आधीच्याने आमचा पासवर्ड स्वतःच ठरवला होता आणि त्यात त्याच्या मुलाचं नाव होतं. आमच्या घरात शिरायला आम्हीच रोज त्याच्या मुलाला हाक मारायची.

मग वहीचा कागद फाडून रकाने आखलेत. डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, मुदत कधी संपते, लॉगिनचा दुसरा कोड कुणाच्या फोनवर येतो. पासवर्डच्या रकान्यात तुमच्या तिरक्या अक्षरात, "मला सांगू नका."

बाकीची सगळी हमाली, असं तुम्ही म्हणालात. त्या हमालीतलंही थोडं इथे नोंदवते. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना मनाई करणारी एक खूण असते. साइट बांधताना ती लावतात आणि उघडताना काढतात. आमची लावलेलीच होती आणि 'एसइओ'चे, म्हणजे शोधात साइट वर आणायचे, पैसे दरमहा जात होते. त्या खुणेवर बोट ठेवून तुम्ही नुसतं "अरेरे" म्हणालात. शिवी दिली असतीत तर जास्त बरं वाटलं असतं.

फोटोंचं गणित साधं निघालं. फोनमधला 4000 पिक्सेल रुंदीचा, चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढत होता आणि मोबाइलच्या पडद्यावर तो जेमतेम चार बोटं दिसत होता. आता चढवण्याआधी रुंदी 1200, वेबपी प्रकार, वजन 150 केबीच्या आत. खालचे फोटो वाचक तिथवर पोचला की उघडतात. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र तो 'मागाहून' नियम लावायचा नाही, कारण पान उघडलं की नाही हे वाचक त्याच्यावरूनच ठरवतो. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवायची, नाहीतर तो उशिरा येऊन मजकुराला खाली ढकलतो आणि वाचकाचं बोट भलत्याच दुव्यावर पडतं.

लेखांचे पत्ते अर्धवट का तुटतात, हे कोडं आम्हाला कुणीच सोडवून दिलं नव्हतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, पत्त्यात 9 रोमन अक्षरांएवढी जागा खातं आणि वर्डप्रेस पत्त्याला 200 अक्षरांपुढे जाऊ देत नाही. म्हणजे 22 चिन्हं. 'बडोद्याच्या वाड्यांतल्या उपासाच्या थाळ्या' हा लेख 'वाड्यांतल्य'वरच संपायचा, शेवटचा कानासुद्धा कापलेला! व्हॉट्सअ‍ॅपवर तर टक्क्याच्या खुणांची माळच जायची. आता पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा. जुना प्रत्येक पत्ता 301 (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) लावून त्याच्याच नव्या पानाला जोडलात. सगळे एकदम मुखपृष्ठाकडे वळवायची पळवाट मी सुचवली, तेव्हा म्हणालात की गूगल ते 'पान सापडलं नाही' यातच मोजतं. आणि वाचक थाळी शोधत आलाय, त्याला दिवाणखान्यात का बसवायचं?

हे बडोद्यात समजावून सांगावं लागतं, याची खरं तर आम्हालाच लाज वाटली पाहिजे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. पुस्तक दुसऱ्या कपाटात गेलं की कार्डही बदलायचं, हे या गावाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र 60 विभाग होते आणि निम्म्यांत एकेकच लेख. तुम्ही ते 7 वर आणलेत.

मराठीची आच असलेला तंत्रज्ञ विरळा. साइटची भाषा 'अमेरिकन इंग्रजी' अशी नोंदलेली होती. ती 'मराठी' करताच नोटो फाँटमधले ल आणि श हिंदी वळण सोडून आपल्या वळणावर आले. मथळ्यांत शोभेसाठी अक्षरांमध्ये अंतर घातलेलं होतं, त्याने शिरोरेषा दातपडक्या म्हातारीसारखी दिसायची. ते अंतर शून्य केलंत, ओळींमधलं मात्र 1.7 पर्यंत वाढवलंत, म्हणजे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'दुसऱ्या'तल्या ऱ ने. जुन्या लेखांत तो र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टंकलेला. वर्डप्रेसला जोडलेल्या कुठल्यातरी 'सफाई' प्लगिनने काही लेखांतलं जोडचिन्ह झाडून टाकलं आणि 'दुसर्या', 'तार्यांचा' असं काहीबाही उरलं. जिथे चिन्ह शिल्लक होतं तिथे एका फटक्यात बदल झाला. गळालं होतं तिथे तसं करता येईना, कारण मग 'सूर्या'चा 'सूऱ्या' झाला असता. ते शब्द तुम्ही आमच्याबरोबर बसून, एकेक वाचून, हाताने दुरुस्त केलेत. त्याचे पैसे लावले नाहीत. सेवउसळही आम्ही दोनदा बळेच वाढली तेव्हा खाल्लीत. दुसऱ्याच्या शुद्धलेखनासाठी कंबर मोडेपर्यंत बसणारी माणसं आहेत, म्हणून गावं राहण्यासारखी राहतात, असं मला तरी वाटतं.

बॅकअपचं तेवढं सांगायचं राहिलं. आधीचा बॅकअप त्याच होस्टिंगवर होता, म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच. शिवाय त्यात नुसत्या फायली होत्या. मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि तो घेतलेलाच नव्हता. तुमच्या सांगण्याप्रमाणे आता दोन्ही घेतो. एक प्रत ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या बहिणीकडे. "परत बसवून पाहिला नाही तो बॅकअप नव्हे," असंही बजावलं होतंत. डेटाबेसची अक्षरपद्धत चुकली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि ती तशीच साठवली गेली की मूळ अक्षरं कायमची जातात, हेही.

काल रात्री बहिणीच्या संगणकावर बसवून पाहिला. पासवर्ड टाकताना ती उठून स्वयंपाकघरात गेली. 'दुसऱ्या'तला ऱ शाबूत आहे.

तुमची,
चौघींपैकी एक